दोन सेकंदांत पोराचा निकाल

आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी कविता असतात, मोदकांच्या पाककृती असतात आणि कुणाची तरी अलास्का क्रूझ असते. यंदा तिच्यात बेसबॉल आला. आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी बारा-तेरा वर्षांच्या कॅचरची पारख कशी करावी यावर चार पानं लिहिली आहेत. न्यू जर्सीतल्या निम्म्या मराठी घरांत आता एखादं तरी पोर शनिवारी मैदानावर असतं, त्यामुळे लेख वाचला गेला, नुसता चाळला गेला नाही. दोन आयांनी मला फोन करून विचारलं, "काका, आता याला कॅचर ठेवायचं की काढायचं?" म्हणून हे उत्तर.

लेखाचे मुद्दे तीन. कॅचरची लायकी पॉप टाइमवर (म्हणजे काय ते पुढे सांगतो) ठरते आणि घड्याळ कुणाचा मुलाहिजा राखत नाही, हा पहिला. तेराव्या वर्षापर्यंत बॅट चालली नाही तर मुलाला दुसऱ्या जागी हलवावं, हा दुसरा. आता स्ट्राइक यंत्र ठरवणार, तेव्हा चेंडू नीट झेलायची कला शिकवण्यात वेळ दवडू नये, हा तिसरा. तिन्ही मला अमान्य आहेत. पहिला तर मी घातकच म्हणेन, कारण तो शास्त्राचे कपडे घालून आला आहे.

आधी माझी पात्रता सांगतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. मी कोच नाही. मी स्कोअरबुक लिहितो. मुलाला मैदानावर सोडायला जायचो, रिकामा बसलेला दिसलो म्हणून कुणीतरी हातात वही दिली. मुलगा केव्हाच कॉलेजला गेला, वही राहिली. माझी खुर्ची बॅकस्टॉपच्या जाळीमागे असते. तिथून बॅटरचा चेहरा दिसत नाही आणि पिचर लांब असतो. दिसते ती कॅचरची पाठ, सबंध सामनाभर.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो: पिचरने टाकलेला चेंडू बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरच्या मिटमध्ये, म्हणजे जाड ग्लव्हमध्ये, फट् करून आदळतो, तिथे घड्याळ सुरू करायचं. कॅचर उठतो, चेंडू मिटमधून हातात घेतो, सेकंड बेसकडे फेकतो. तो तिथल्या खेळाडूच्या ग्लव्हमध्ये पोचला की घड्याळ थांबवायचं. हा पॉप टाइम. मेजर लीगमध्ये त्याची सरासरी 2 सेकंदांच्या आसपास आहे आणि 1.9ला पोचणारा कॅचर उत्तमांत गणला जातो. फिलाडेल्फियाचा जे. टी. रिअलम्युटो त्याही खाली जात असे. म्हणजे मधला आणि उत्तम यांच्यातलं अंतर एक दशांश सेकंद. आमच्या निवड चाचणीत हेच मापन कोण करतं? कुणाचे तरी बाबा, एका हातात कॉफी आणि दुसऱ्या हातात घड्याळ घेऊन. माणसाचा अंगठा दाबायला एवढा वेळ सहज इकडेतिकडे होतो. मेजर लीगमध्ये जे अंतर चांगल्या आणि थोर कॅचरमध्ये आहे, तेवढी चूक आमच्या घड्याळातच बसलेली आहे. तरी स्नेही शतांशापर्यंतचे आकडे छापून मुलांना ओळीने उभं करतात.

घड्याळ अगदी अचूक आहे असं धरलं, तरी ते काय मोजतं ते बघा. चाचणीत बॅटर उभा नसतो. चेंडू छातीच्या उंचीवर, मधोमध, अलगद येतो. रनर नसतो. मुलाला आधीपासून माहीत असतं की आता फेकायचंय, त्यामुळे चेंडू मिटमध्ये पडायच्या आत तो अर्धा उठलेला असतो. सामन्यात असा उठला तर खालचा चेंडू त्याच्या पायांमधून मागे जाळीला लागेल आणि मला वहीत पास्ड बॉल लिहावा लागेल. घड्याळ चेंडू कुठे पोचला तेही विचारत नाही. बेसच्या कडेला, घोट्याच्या उंचीवर, टॅगसाठी तयार पोचलेला चेंडू आणि डोक्यावरून उडी मारून पकडलेला चेंडू, दोघांना सारखेच गुण.

त्यात मैदानाचा फरक. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या लिटल लीगच्या मैदानावर बेस 60 फुटांवर असतात, म्हणून होम प्लेटपासून सेकंड बेस जेमतेम 85 फूट. मोठ्या मैदानावर बेस 90 फुटांवर, आणि तेच अंतर 127 फुटांहून जास्त. सर्वांत मजेची गोष्ट म्हणजे लिटल लीगच्या नियमाप्रमाणे चेंडू बॅटरपर्यंत पोचेतो रनरला बेस सोडताच येत नाही. मोठ्यांच्या खेळात रनर आधीच चार पावलं पुढे सरकून पिचरच्या खांद्याकडे टक लावून बसलेला असतो, आणि तिथे बेसची चोरी हा पिचर, रनर आणि कॅचर असा तिघांचा हिशेब असतो. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू मिटमध्ये यायला 1.3 सेकंद, पुढे कॅचरचे 2, एकूण 3.3. रनरलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. पिचरने पाय उचलून रेंगाळत 1.6 घेतले तर मागे कुणीही बसवा, रनर पोचणार. आणि दोष कुणाच्या नावावर जाणार? प्रेक्षकांतला प्रत्येक बाप कॅचरकडेच बघतो.

आता माझ्या वहीबद्दल, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. सहा इनिंगच्या सामन्यात कॅचरकडे शंभरएक चेंडू येतात. त्यांतले सेकंड बेसला फेकायचे किती? कधी दोन, कधी चार, कधी एकही नाही. बाकीच्या चेंडूंचं तो काय करतो, ते घड्याळात येत नाही. आणि कबूल करायला लाज वाटते, ते माझ्या वहीतही येत नाही.

मागच्या जूनमधला एक सामना सांगतो. पाचवी इनिंग, एका धावेची आघाडी, रनर थर्ड बेसवर. आमचा पिचर उंच, डावखुरा, आणि दमलेला. त्याने लागोपाठ दोन बॅटरना फुकट बेस दिला होता. कॅचर म्हणजे एक किडकिडं पोर, शिनगार्ड त्याच्या मांडीपर्यंत येतात असं. पुढचा चेंडू प्लेटच्या आधीच मातीत आदळला, उजवीकडे बाहेर. पोराने मिट पुढे केलं नाही. आधी दोन्ही गुडघे जमिनीवर गेले, मिट त्यांच्या मधल्या फटीत, हनुवटी छातीला, खांदे पुढे गोल. चेंडू छातीवरच्या पॅडला लागला आणि पुढ्यात एका फुटावर मेला. थर्ड बेसवरचा रनर दोन पावलं आला होता, तो परतला. पोराने चेंडू उचलला, पँटला पुसला, पिचरकडे चालत गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण दोघंही हसले. पुढच्या चेंडूला त्याने मिट मांडलं ते गुडघ्याच्या उंचीवर, अगदी मध्यभागी, आणि तो चेंडू येईपर्यंत हललं नाही. तीन चेंडूंत इनिंग संपली.

स्कोअरबुकात त्या मातीतल्या चेंडूची नोंद एक साधा ठिपका: बॉल. तो सुटला असता तर वाइल्ड पिच लिहिली असती, बरोबरीची धाव लिहिली असती. अडवला म्हणून काही घडलंच नाही, आणि घडलं नाही ते लिहायची सोय नाही. कॅचरचं चांगलं काम असं पांढऱ्या कागदावर पांढऱ्या शाईने लिहिलेलं असतं. तेच पोर ऑगस्टमध्ये एका दुसऱ्या संघाच्या चाचणीला गेलं, आणि पॉप टाइममध्ये काही शतांशांनी मागे राहिलं म्हणून चौथ्या नंबरावर लागलं. त्या तक्त्यात ब्लॉकिंगचा, म्हणजे असा चेंडू अडवण्याचा, रकाना होता. तो कोरा होता.

न अडलेल्या चेंडूची किंमत बघायची तर 1941च्या वर्ल्ड सिरीजमधला चौथा सामना बघा, बेसबॉलवेड्यांना तो अजून आठवतो. ब्रुकलिन डॉजर्स यांकीजविरुद्ध 4-3 पुढे, नववी इनिंग, दोन आउट, यांकीजच्या टॉमी हेन्रिकच्या बॅटला चेंडू चुकला, तिसरा स्ट्राइक, सामना संपला. फक्त तो चेंडू कॅचर मिकी ओवेनच्या हाती राहिला नाही. त्यामुळे पळायची मुभा मिळालेला हेन्रिक फर्स्ट बेसला पोचला आणि यांकीजनी तो सामना 7-4 जिंकला. ओवेन त्या वर्षीचा ऑल-स्टार, काही हलका कॅचर नव्हे. त्या संध्याकाळी त्याचा पॉप टाइम कुणीही विचारला नसता.

पहिल्या मुद्द्याला जोडूनच स्नेह्यांचा दावा असा, की अनुभवी नजर आणि आकडे एकत्र आले की तेराव्या वर्षीच कळतं. कळतं? मग मेजर लीगच्या ड्राफ्टकडे, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीकडे, बघू. तिथे तेरा नव्हे, अठरा-एकवीस वर्षांची मुलं असतात आणि त्यांच्यामागे पगारी स्काउट वर्षानुवर्षं देश पालथा घालतात. ड्राफ्ट 1965 साली सुरू झाला. तेव्हापासून 2025पर्यंत पहिल्या क्रमांकावर कॅचर आठ वेळा निवडला गेला. 1966 साली मेट्सनी स्टीव्ह चिलकॉट घेतला. तो खांद्याने अधू झाला आणि मेजर लीगपर्यंत पोचलाच नाही, आणि त्याच्या पाठोपाठ निवडला गेलेला रेजी जॅक्सन हॉल ऑफ फेममध्ये आहे. 1970चा माइक आयव्ही: पिचरकडे चेंडू परत फेकायचीच त्याला धास्ती बसली आणि तो फर्स्ट बेसला गेला. डॅनी गुडविन दोनदा पहिला निवडला गेला, 1971 आणि 1975 साली, हा मान दुसऱ्या कुणाला नाही. मेजर लीगमध्ये तो एकाही सामन्यात कॅचर म्हणून बसला नाही. 1985चा बी. जे. सरहॉफ काही वर्षं कॅचर राहून मग थर्ड बेस आणि आउटफिल्डला गेला. 2001चा जो माउअर मात्र खणखणीत निघाला: तीन वेळा लीगमध्ये सर्वोत्तम सरासरी, जे दुसऱ्या कुठल्याच कॅचरला जमलं नाही. पण 2013 साली डोक्याला मार बसला आणि त्यानंतर तोही फर्स्ट बेसवर. 2019चा ॲडली रचमन ठीक. 2021चा हेन्री डेव्हिस मेजर लीगच्या पहिल्या मोसमात बहुतेक राइट फील्डला उभा होता. देशातले सगळ्यांत तयार डोळे आणि सगळ्यांत मोठे चेक असून हा हिशेब. आणि आमच्याकडे कॉफी पीत पीत बारा वर्षांच्या पोराचं भविष्य सांगतात.

आयव्हीच्या धास्तीवर जरा थांबतो, कारण पिचरकडे चेंडू परत देणं ही सामन्यातली सगळ्यांत सोपी फेक, आणि तिला कुठल्याच तक्त्यात जागा नाही. मेट्सचा मॅकी सॅसर याच एका गोष्टीने बेजार झाला. चेंडू हातात घेऊन तो दोन-तीनदा नुसताच हात झुलवत राहायचा. डेल मर्फीही मुळात कॅचर, फेकीच्या याच भुताने पछाडलेला. आउटफिल्डला हलवल्यावर त्याने 1982 आणि 1983, लागोपाठ दोन वर्षं एमव्हीपी, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा किताब, मिळवला. म्हणजे मुलाला हलवूच नये, असं मी म्हणत नाही. हलवायची वेळ येते. ती घड्याळावरून कळत नाही, रोजचं बघून कळते. मी तरी मुलाची पहिली परीक्षा इथेच घेतो: बॉल-स्ट्राइकवरून वाद झाला, पिचर वैतागला, की पोर चेंडू परत कसा देतं? पिचरला वाकावं लागतं का? छातीशी येतो का?

याच्या उलट, उशिरा कॅचर झालेल्यांची यादीही छोटी नाही. बस्टर पोझी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात शॉर्टस्टॉप म्हणून खेळायचा, तिथे दुसऱ्या वर्षी त्याला कॅचर केलं. 2008 साली तो ड्राफ्टमध्ये पाचवा, 2010 साली लीगचा सर्वोत्तम नवोदित, 2012 साली एमव्हीपी. यांकीजचा होर्हे पोसाडा सेकंड बेसवरून आला. माइक पियाझा कॉलेजात फर्स्ट बेसला असायचा, 1988च्या ड्राफ्टमध्ये 1,390वा निवडला गेला, तोही त्याच्या वडिलांच्या ओळखीपायी. डॉजर्सनी त्याला कॅचर केलं आणि तो डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या त्यांच्या अकादमीत जाऊन राबला. त्याच्या फेकीचं कौतुक कुणी कधी केलं नाही. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. स्नेह्यांच्या चाळणीतून या तिघांतला एकही खाली पडला नसता, कारण तेराव्या वर्षी त्या चाळणीत ते घातलेच गेले नसते.

बॅटच्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. जॉनी बेंच 1967 साली एकोणीस वर्षांचा असताना आला तेव्हा त्याची सरासरी .163 होती, आणि पुढच्याच वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला. स्टीव्हन व्होगट पहिल्या 32 प्रयत्नांत एकही हिट मारू शकला नाही. नंतर तो ऑल-स्टार झाला, आणि क्लीव्हलंडचा मॅनेजर म्हणून 2024 आणि 2025 साली लीगचा सर्वोत्तम मॅनेजर. सिॲटलच्या कॅल रॅलीने 2021 साली .180ची सरासरी नोंदवली. तरी संघाने त्याची जागा बदलली नाही. 2025 साली त्याने 60 होमरन मारले, इतके कुठल्याही कॅचरने एका मोसमात कधी मारलेले नाहीत. आपल्याकडे क्रिकेटमध्ये यष्टिरक्षक नरेन ताम्हाण्यांची कसोटीतली फलंदाजीची सरासरी दहाच्या आसपास होती. पण लेगस्पिनर सुभाष गुप्त्यांचा चेंडू हातातून वाचून यष्टीमागे उभं राहायला माणूस लागायचा, म्हणून ते 21 कसोट्या खेळले आणि 51 बळींत त्यांचा हात होता. ही तुलना स्नेह्यांना नक्की कळेल, ते दादरचे आहेत.

यंत्राच्या मुद्द्यात मात्र थोडं तथ्य आहे. स्ट्राइक झोनच्या कडेवरचा चेंडू असा शांतपणे झेलायचा की अंपायरला तो आतला वाटावा, याला फ्रेमिंग म्हणतात. 2011 साली माइक फास्ट यांनी आकडेमोड करून होजे मोलिनाला या कलेचा बादशहा ठरवलं, तेव्हापासून संघ याला पैसे मोजू लागले. 2026च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये अंपायरच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान देता येतं, त्यामुळे या कलेचा भाव थोडा उतरेल, हे मान्य. पण नियम नीट वाचा. प्रत्येक संघाला आव्हानं दोन. चुकलं तर गेलं, बरोबर आलं तर शिल्लक. बाकी सगळे चेंडू अजून माणूसच ठरवतो. आणि आव्हान द्यायचा हक्क फक्त तिघांना: बॅटर, पिचर आणि कॅचर. डगआउटकडे बघायचं नाही, लगेच डोक्यावर हात ठेवायचा. या तिघांत झोन सगळ्यांत नीट दिसतो कुणाला? जो त्याच्या मागे उकिडवा बसला आहे त्याला. म्हणजे यंत्राने कॅचरच्या डोळ्याची किंमत वाढवली. आणि आमच्या मैदानावर तर यंत्र येणार नाही. तिथे अंपायर म्हणजे शेजारच्या गल्लीतला हायस्कूलचा मुलगा, ज्याच्या डोळ्यांसमोर मिट दर वेळी धडपडत खाली जात असेल तर तो गुडघ्यावरचा स्ट्राइकसुद्धा बॉल देईल. अंगठा खाली, मिट चेंडूच्या खालून वर, हे दहाव्या वर्षीच अंगवळणी पडलं पाहिजे. पिचर अशा मुलासमोर खाली टाकायला घाबरत नाही. हा परिणाम फ्रेमिंगच्या हिशेबात येत नाही, तरी तो असतो.

आता एक तक्रार, ज्यात स्नेही एकटेच दोषी नाहीत. त्यांनी लिहिलं आहे की आमच्या मुलांना खेळ 'चालवता' येत नाही, कुठला चेंडू मागायचा ते कळत नाही. अहो, मागू कधी दिला? मनगटावर आकड्यांचं कार्ड बांधलेलं, प्रत्येक चेंडूआधी कोच डगआउटमधून तीन आकडे ओरडतो, पोर कार्डात बघतं आणि बोटं दाखवतं. कॉलेजांतही बहुतेक ठिकाणी हेच चालतं. वर्षभर पाटीवर हात धरून अक्षर गिरवून घ्यायचं आणि वर्षाखेरीस म्हणायचं, याला निबंध येत नाही. आठवड्यातून एक सामना, एकच, मुलाला मागू द्या. चुकेल. चौथ्या बॅटरला पुन्हा तोच चेंडू मागेल आणि तो कुंपणाबाहेर जाईल. रात्री जेवताना तो त्याबद्दल बोलतो का, ते बघा. बोलला तर त्याला पाहिजे तेवढा वेळ द्या.

आणि पाय. बारा वर्षांच्या पिचरला लिटल लीगमध्ये दिवसाला 85 चेंडूंची मर्यादा आहे. माझ्याशेजारी एक बाई क्लिकर घेऊन बसतात आणि एकेक मोजतात. 41 किंवा जास्त चेंडू टाकले तर त्या दिवशी त्याला कॅचर बसता येत नाही, आणि चार इनिंग कॅचर बसलेल्याला पिचिंग करता येत नाही. उत्तम नियम आहेत. पण नुसताच कॅचर असलेला मुलगा जवळजवळ प्रत्येक चेंडू परत फेकतो, इनिंगच्या मध्ये पिचरला गरम करतो, शंभराहून जास्त वेळा उठतो-बसतो. त्याचं क्लिकर कुणाकडे नाही. जुलैतल्या शनिवारी, 95 डिग्री फॅरनहाइट उन्हात, मास्क आणि पॅड घालून तो दोन सामने बसतो, आणि पॉप टाइम घ्यायला बाबालोक येतात ते दुसरा सामना संपल्यावर, मुलं सगळी एकत्र सापडतात म्हणून.

स्नेह्यांना माझं आमंत्रण आहे. एप्रिलमध्ये मोसम सुरू होईल. ते किडकिडं पोर यंदाही आमच्याकडेच आहे, उंची थोडी वाढली आहे असं त्याची आई म्हणाली. जाळीमागे माझ्या शेजारी खुर्ची टाकतो, थर्मासमध्ये चहा असेल. पहिल्या तीन इनिंग गप्पा मारू, स्मरणिकेवर भांडू. चौथीनंतर बोलायचं नाही, त्याच्या पाठीकडे बघायचं. वही तुमच्याकडे देईन. ठिपके तुम्ही काढा.